सुशी आमच्या घरी

कानडीत शिजवलेल्या तांदळाला ‘अन्न’ म्हणतात. मराठी माणसाच्या ताटात भात हा चार पदार्थांतला एक पदार्थ. कानडी माणसाच्या ताटात तो साक्षात अन्नच. आमच्या दुधनीत या दोन्ही भाषा एकाच चुलीवर शिजतात. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि बाजार समितीच्या आवारात तुरीचा भाव पुकारला जातो तेव्हा दोन्ही. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचे हे छोटेसे स्टेशन. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर. आता गंमत अशी, की हा सगळा मुलूख ज्वारीचा. भाकरी नसेल तर आमच्याकडे जेवण झाले असे कुणी म्हणत नाही. काळ्या रानात भात पिकत नाही, कधी पिकला नाही. तरी ‘अन्न’ ही पदवी मात्र परगावाहून पोत्यात येणाऱ्या तांदळालाच! पोट भरते ज्वारी आणि मान घेतो भात. हा अन्याय मला फार दिवस कळला नव्हता. तो कळायला अप्पांना साखरेचा आजार व्हावा लागला.

अप्पा आडत दुकानात मुनीम आहेत. दिवसभर गादीवर बसून पट्ट्या लिहायच्या, हंगामात रात्री दहापर्यंत हिशेब जुळवायचा, आणि घरी आले की जेवून झोपायचे. सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाले, “भात बंद करा. भाकरी मोजून खा. चाला.” यात नवल काही नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजाने देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्या दहा कोटींत आमचे अप्पा एक. पण डॉक्टरांचे वाक्य आईने घरी येऊन आज्जीला कानडीत सांगितले, आणि ‘भात बंद’ याचे कानडीत ‘अन्न बंद’ झाले. आज्जी सुपात तूर पाखडत होती. तिचे हात थांबले. “कुणाचं अन्न? माझ्या लेकाचं?” एवढेच ती म्हणाली.

तिची बाजू समजून घ्यायची तर 1972 च्या दुष्काळापर्यंत मागे जावे लागते. त्या साली सोलापूर जिल्ह्यात पेरलेले उगवले नाही. सरकारने कामे काढली. आज्जी नवी सून, खडी फोडायला जात असे, आणि दोन वर्षांचे अप्पा बाभळीच्या सावलीत झोळीत. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापता येत नसे, थापली तर चावत नसे, चावली तर पोटात राहत नसे असे आज्जी सांगते. पुढे दिवस पालटले. अप्पा शिकले, दुकानात लागले, पहिला पगार आणला. त्या दिवशी आज्जीने तांदळाचे अर्धे पोते घरात घेतले आणि ठरवले की या घरात रोज अन्न शिजेल. आज पस्तीस वर्षे ते शिजते आहे. भाकरीनंतर अप्पांच्या ताटात भाताची मूद पडते ती आज्जीच्याच हाताने. आईला ते काम कधी मिळालेले नाही.

तेव्हा गोष्ट पथ्याची राहिली नाही. अप्पांना भाताची फार हाव आहे असेही नाही. त्यांना आईला नको म्हणता येत नाही एवढेच. आज्जी वाढायची, अप्पा मुकाट्याने खायचे, माझी आई ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. मग आईने तोड काढली: अप्पांचे ताट वेगळे वाढायचे, सगळ्यांच्या आधी, आज्जी देवापुढे बसलेली असताना. दोन भाकऱ्या, पालेभाजी, डाळ. घरातला कर्ता माणूस भिंतीकडे तोंड करून एकटा जेवू लागला. साखर थोडी उतरली. पण घरात कुणी मोठ्याने बोलेनासे झाले. गेल्या वर्षी वेळ अमावस्येला तर अप्पांनी शेतात चरग शिंपडला, पांडवांची पूजा केली, आणि सगळे कोपीपुढे पंगतीला बसले तेव्हा आपला डबा घेऊन ते बांधावर जाऊन बसले. चुलत्यांनी हाक मारली. “येतो, येतो,” म्हणाले, आले नाहीत.

या अशा वातावरणात आमच्या घरी सुशी आली.

माझा आतेभाऊ पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तो एक पाकीट घेऊन आणि म्हणाला, “मामी, उद्या सुशी करू.” आज्जीने लगेच विचारले, “कोण सुशी? कुणाची?” आमच्या गल्लीतच दोन सुशीला आहेत, दोघींनाही सुशी म्हणतात, आणि भाऊ लग्नाचा! आज्जीच्या चेहऱ्यावर जी आशा उमटली ती पाहून आम्हाला हसू आवरेना. मग त्याने समजावून सांगितले, की हा जपानी खाद्यपदार्थ आहे: समुद्रातल्या शेवाळाच्या पातळ पानावर आंबूस भात पसरायचा, मध्ये मासा नाही तर काकडी ठेवायची, सुरळी करायची आणि सुरीने गोल तुकडे कापायचे. पाकिटातले ते काळे चौकोनी पान अप्पांनी उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, “हा तर आमचा कार्बन पेपर!”

मासा आमच्या घरात चालत नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. शेवाळ चालते का यावर मात्र आज्जीने बराच काथ्याकूट केला. ती पाण्यातली वनस्पती आहे, तिला ‘नोरी’ म्हणतात, जपानात तिची शेती होते, असे मी वाचून दाखवले. इथे थोडे विषयांतर करते, कारण ही हकीकत आपल्या वर्गातल्या मुलींना आवडेल. या नोरीच्या शेतीत पूर्वी फार बेभरवसा होता. बीज येते कुठून हेच कुणाला ठाऊक नव्हते. ते कोडे सोडवले इंग्लंडमधल्या कॅथलीन ड्र्यू-बेकर या बाईंनी, 1949 मध्ये. शिंपल्यांच्या कवचात वाढणारे, वेगळेच समजले जाणारे एक सूक्ष्म शेवाळ हीच या कुळाच्या वनस्पतीची एक अवस्था आहे असे त्यांनी दाखवले. लग्न केले म्हणून त्यांची विद्यापीठातली अध्यापकाची जागा गेली होती. तरी त्या संशोधन करीत राहिल्या. जपानला त्या कधी गेल्या नाहीत. पण तिथल्या उतो गावी नोरी पिकवणाऱ्यांनी त्यांचे स्मारक उभारले आहे आणि दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे त्यांचे स्मरण होते.

मला खरे चकित केले ते सुशीच्या जुन्या इतिहासाने. मुळात तो पदार्थ भाताचा नव्हताच. मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवीत. भात आंबे, त्या आंबटपणाने मासा टिके, आणि खाताना भात काढून टाकीत. जपानातल्या बिवा सरोवराच्या काठी त्या जुन्या पद्धतीची ‘फुनाझुशी’ अजून करतात. भात खायचा, तोही ताजा आणि वरून शिरका घातलेला, ही पुढची सुधारणा. म्हणजे सुशीतून भात वगळला तर जपानी माणसाने फार रागवावे असे काही नाही. त्यांच्या पूर्वजांनी तेच केले होते! हे मी आज्जीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “टाकून देत होते? अन्न?” पुढे काही बोलली नाही.

भाताऐवजी काय, याचे उत्तर पुण्याच्या भावाने आणलेलेच होते: फ्लॉवर. पाश्चात्त्य देशांत साखर असलेले लोक फ्लॉवर किसून त्याचा भात म्हणून खातात. ही भाजीही आपली नव्हे. 1822 मध्ये इंग्लंडहून तिचे बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आले असे सांगतात. आज ती दुधनीच्या बाजारात थंडीच्या दिवसांत ढिगाने पडते. हिशेब अप्पांनीच मांडला, त्यांना आकडे लागतात. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 28 ग्रॅम पिष्ट आणि साखर. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये सुमारे 5 ग्रॅम, तेही चोथा धरून. आमच्या लाडक्या ज्वारीचाही आकडा त्यांनी काढायला लावला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत पिष्ट सुमारे 68 आणि तांदळात 78. “म्हणजे भाकरीही काही फुकट नाही,” अप्पा म्हणाले. नाहीच. ज्वारीत चोथा तांदळाच्या तिप्पट-चौपट, म्हणून साखर सावकाश चढते एवढेच. साखरेला भाकरी चालते म्हणून चार खाणारे लोक आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवले. आणखी एक: गोळी चालू असताना पिष्ट एकदम कमी केले तर साखर नको इतकी खाली जाऊन घेरी येऊ शकते. अप्पांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात केली.

आता कृती. फ्लॉवर जाड किसणीने किसायचा, दाणे तांदळाएवढे पडतात. त्याला मीठ चोळून पंधरा मिनिटांनी पंचात बांधून घट्ट पिळायचा. एका गड्ड्यातून वाटीभर पाणी निघते. मग कोरड्या कढईत परतायचा, झाकण अजिबात ठेवायचे नाही. वरून लिंबू. जपानी शिरक्यात साखर घालतात, ती आपल्याला नकोच. एवढे झाले की दिसायला थेट भात. पण जपानी तांदळाला जो चिकटपणा असतो तो त्याच्यातल्या पिष्टाचा; फ्लॉवरमध्ये पिष्ट नाही म्हणून चिकटपणाही नाही. सुरळी कापली की सारे परातीत सांडते. परदेशात त्यासाठी मलईचे चीज घालतात. ते दुधनीत कोण विकणार?

इथे आज्जी उठली. इतका वेळ ती उंबऱ्यात बसून नुसती बघत होती. तिने फडताळातून जवसाच्या चटणीचा डबा काढला, आणि त्या फ्लॉवरमध्ये मूठभर जवसाची पूड व थोडा तिळाचा कूट टाकला. जवसाला पाणी लागले की बुळबुळीतपणा येतो हे तिला पुस्तकावाचून ठाऊक. दहा मिनिटे झाकून ठेवले, आणि मग वेळ अमावस्येचे उंडे वळावेत तसा तो गोळा तिने तळहाताने मळून पानावर थापला. मध्ये काकडी, गाजर, शेंगा चटणीची एक रेघ. ओल्या फडक्यावर सुरळी केली, सुरीला पाणी लावून कापली. तुकडे उभे राहिले. काळ्या कडेच्या आत पांढरे, पांढऱ्याच्या आत हिरवे-तांबडे. आईला सुरळीच्या वडीची आठवण झाली. आमच्या कोकणातल्या बाईंना अळूवडीची व्हायची.

आज्जीने पहिला तुकडा अप्पांच्या ताटात स्वतः वाढला. नंतर आईच्या, नंतर माझ्या. त्या रात्री घरात एकच स्वयंपाक होता आणि चौघांनी एका वेळी बसून तो खाल्ला. चवीचे विचाराल तर शेवाळाला समुद्राचा वास येतो, तो सगळ्यांनाच मानवला असे नाही. दहा पाने संपल्यावर आम्ही कोबीची पाने उकळत्या पाण्यातून काढून वापरतो. माझ्या मते तीच बरी. स्वस्त आणि खारटपणाही कमी. अप्पा त्याला अजून ‘कार्बन कॉपी’च म्हणतात.

आज्जी त्याला भात म्हणत नाही, अन्न तर नाहीच. तिच्या पातेल्यात रोज मूठभर तांदूळ अजूनही शिजतो. तो आधी देवाला, मग तिला आणि मला. अप्पांच्या ताटाशी आली की ती पळी खाली ठेवते आणि कोबीच्या सुरळीचे तीन तुकडे मोजून ठेवते. मोजायचे तिनेच ठरवले आहे.

या वर्षीच्या वेळ अमावस्येला भज्जी, उंडे, आंबील, गव्हाची खीर यांच्या जोडीला सुशीही शेतात गेली. ज्वारी पोटऱ्यात आली होती, हरभऱ्याला घाटे धरत होते. अप्पांनी चरग शिंपडला आणि चुलत्यांच्या शेजारी पंगतीत बसले. खीर त्यांनी बोटावर घेतली, बाकी भज्जी, एक उंडा आणि आठ-दहा तुकडे. दोन तासांनी बोट टोचून पाहिले तर 158. चुलती मला बाजूला घेऊन विचारत होती, चौदा माणसांना किती फ्लॉवर लागतो. आम्ही दोन गड्डे नेले होते, ते पुरले नाहीत. तीन तरी न्यावेत.