नंदूचा गळा

नंदुरबारात गोकुळाष्टमीला चौकात स्पीकर लागला की 'कृष्णा धरती पे आजा तू' वाजणारच. 'डिस्को डान्सर' 1982चा, आमच्या जन्माआधीचा. तरी आमची पिढी त्यावर नाचली, बँडवाल्यांनी ते वरातीतसुद्धा वाजवलं. मिथुनचं गाणं, बप्पी लाहिरींची चाल, एवढीच त्याची ओळख. गळा कोणाचा, हे नाचताना कोण विचारतं?

एप्रिल 2014मध्ये मी पुण्यात शिकत होतो. 11 तारखेला नंदू भेंडे गेले. मेसचे काका वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "आमचा नंदू गेला रे." मी विचारलं, कोण नंदू? त्यानंतर काका तासभर बोलत होते, भाजी गार झाली.

आत्माराम भेंड्यांचा मुलगा. म्हणजे फार्सचा बादशहा बाप, आणि पोरगा सत्तरच्या दशकात 'वेल्वेट फॉग' या बँडमध्ये इंग्रजी रॉक गाणारा! 1974मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो ज्यूडास झाला. दगा देणाऱ्याची भूमिका, आणि गाण्यात तीच सर्वांत अवघड. गळा फाटेल अशा पट्टीत गावं लागतं. तोच माणूस आठ वर्षांनी कृष्णाला खाली बोलावत होता. हे मला आजही भारी वाटतं.

पण काकांचा जीव अडकला होता 1978च्या 'तीन पैशाचा तमाशा'त. ब्रेश्टचं नाटक, पुलंचं रूपांतर, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पुण्याची थिएटर अकॅडमी. त्यात लावणी होती, नाट्यसंगीत होतं, आणि मधेच नंदूचं पॉप-रॉक. "मराठीत!" काका म्हणाले. "नाटक सुटल्यावर आम्ही टिळक रोडने ओरडत गेलो, घरी शिव्या खाल्ल्या."

त्या "मराठीत" शब्दाने मला पकडलं. आमच्याकडे गिटार म्हणजे इंग्रजी मीडियमवाल्यांचा खेळ. मी सेकंडहँड गिटार घेऊन सुट्टीत घरी गेलो, तर मित्र म्हणाले, "हाई आपलं काम नई भो." रॉक गायचं तर आधी उच्चार सुधारा, असं एका सिनियरनेही ऐकवलं होतं. आणि इथे हा माणूस इंग्रजी रॉकचा दणका घेऊन मराठी नाटकात शिरला होता. परवानगी कोणाची घेतली? कोणाचीच नाही.

माझं प्रामाणिक मत: 'डिस्को डान्सर'मुळे तो घराघरात पोचला आणि त्याच सिनेमाने त्याला झाकूनही टाकलं. पडद्यावर मिथुन, कॅसेटवर बप्पीदा. ज्याच्या आवाजावर गावंच्या गावं नाचली, त्याचं नाव आम्हाला मृत्यूच्या बातमीत कळावं? नव्वदी गाठलेले आत्माराम भेंडे तेव्हा हयात होते. पुढच्या फेब्रुवारीत तेही गेले.

आता आम्ही चौघं आहोत. ड्रमर अक्कलकुव्याकडचा. काठीच्या होळीत रात्रभर वाजणाऱ्या ढोलाच्या तालावर तो वाढला, त्यामुळे चार मात्रांत त्याला कोंडता येत नाही. आम्ही अहिराणीत गातो. पहिल्या प्रॅक्टिसला मी त्यांना ज्यूडास, अंकुश, कृष्ण अशी सगळी गोष्ट सांगितली. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, "ते गाणं परत लाव. या वेळी कोणी नाचू नका."