टंकसाळीची चूक, माणसाचा हात

नांदेडहून लातूरकडे निघालेली एसटी गोदावरीच्या पुलावर आली की खिडक्यांतून नाणी पडायची. खाली पोरं दोरीला चुंबक बांधून ती काढायची. १९८८ पासूनची स्टीलची नाणी चुंबकाला झटकन चिकटत, तांबे-निकेलची मात्र वाळूतच राहत. ती पुढे कधीतरी कुणाच्या पायाला लागायची, काळवंडलेली आणि अक्षरं विरलेली. असलं नाणं हातात आलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘छापायचंच राहिलंय याच्यावर, ठेव जपून, लाखाला जाईल.’ माझा नाण्यांचा नाद तिथून लागला.

त्या वयात आम्ही स्वतःही नाणी घडवायचो. ॲल्युमिनियमचं पाच पैशाचं नाणं रुळावर ठेवायचं आणि गाडी गेली की खडीत शोधायचं. चौकोनी नाणं पसरून पातळ पान झालेलं असायचं, आकडा ओढल्यासारखा लांबलेला. टंकसाळीत नाण्याभोवतीचं कडं जागेवर नसेल तर तिथेही चकती अशीच बाहेर पसरते. पण तेव्हा मधली आकृती आपल्या मापात आणि ठसठशीत असते. रुळावरच्या नाण्यात धातूबरोबर आकृतीही पसरते. हा फरक कळायला मात्र लातूर गाठावं लागलं.

नोकरीनिमित्त लातूरला राहू लागलो. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्याच्या गल्लीत जुनी चांदी घेणारे एक सराफकाका बसायचे. त्यांच्यापुढे मी मोठ्या तोऱ्यात विचित्र नाणी ओतायचो. ते भिंग लावायचे आणि म्हणायचे, ‘काय झालं ते मागून सांग. आधी सांग, कधी झालं?’ ठसा पडण्याआधी, पडताना की पडल्यानंतर, एवढ्या एका प्रश्नावर त्यांची सगळी परीक्षा उभी होती.

उदाहरणार्थ, कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं. पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर यंत्र पुन्हा पडलं तर अशी उणी चकती निघते. मग तुटीच्या बरोबर समोरची कडही बहुधा नीट उठत नाही. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते आणि घासल्या जागी ओरखडे दिसतात. दुसरं, एका बाजूची आकृती उलटी आणि खोल उमटलेलं नाणं. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं आणि नवी चकती त्याखाली आली की असं होतं. लोक दोन नाणी व्हाइसमध्ये आवळून तेच करू पाहतात. पण त्यात मूळची अक्षरं खाली शिल्लक राहतात आणि पाठीमागची आकृती चेपते. गुळगुळीत नाण्याला तराजू पुरतो. १९९२ साली आलेला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा. ठसा हलका पडला असेल तर वजन पुरं भरतं; झिजलं किंवा तेजाबात बुडवलं असेल तर कमी. टंकसाळीची चूकही नियमाने होते, म्हणून ती ओळखू येते.

हा नियम हाली रुपयापाशी येऊन अडखळतो. आमच्या घरात आजी हिशेब सांगायची तो निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार असा, सहा कलदारांना सात हाली. चारमिनार असलेला निजामाचा रुपया यंत्राचा, त्याला हे सगळे निकष लावता येतात. जुना हाली मात्र हाताने ठोकलेला. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे फार्सी मजकूर नाण्यावर सहसा पुरा मावत नसे. आज ज्याला हौशी मंडळी ‘ऑफ सेंटर’ म्हणून चढा भाव देतील, ती तेव्हाची रीतच होती. वर सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या बारीक खुणा. नियमाने पाहिलं तर ती नंतरची इजा. पण तिच्यामुळेच तो रुपया पुढच्या हाताने निर्धास्त घेतला. माळेगावच्या यात्रेत लमाणी बायांच्या ओढणीवर, चोळीवर नाणी लखलखताना पाहिली आहेत. त्यांना भोकं पाडलेली, कड्या डाखलेल्या. संग्राहकाच्या लेखी ती बाद. मला मात्र टंकसाळीच्या चुकीत तेवढं वाचायला मिळत नाही. चूक यंत्राच्या एका फटक्यात होऊन गेलेली असते, तिच्यात कुणाचा हेतू नसतो. भोक कुणीतरी ठरवून पाडलेलं असतं.

म्हणूनच अलीकडच्या दहाच्या नाण्याने मला चक्रावून टाकलं. त्याच्यात टंकसाळीची चूक नाही, नंतरची इजा नाही, तरी आमच्याकडचे कितीतरी दुकानदार ते घेत नाहीत. कुणी म्हणतं रुपयाचं चिन्ह नाही, कुणी किरणं मोजतं, दहाचं खरं आणि पंधराचं खोटं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि सगळे चालतात. पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला बँकेची चिंता नसते. त्याला पुढचं गिऱ्हाईक ते घेईल का, एवढंच कळायला हवं असतं. चहावाल्याला सनाखालची चांदणी दाखवून मी सांगतो, ‘हे बघा, हैदराबादच्या टंकसाळीचं आहे.’ तो म्हणतो, ‘असंल हो साहेब, पण चालत नाही.’ नाणं खरं आहे हे मी सिद्ध करू शकतो. ते चालायचं तर त्यानेच घ्यायला हवं. मी नोट काढत नाही, हुज्जत घालतो. कधी तो घेतो, कधी चहा उधारीवर राहतो.