किनाऱ्यावर कुणीतरी हवे

नाताळची धामधूम सरली होती. गव्हाणीतील मूर्ती कापसात गुंडाळून पेटीत विसावल्या होत्या. जानेवारीतील अशा एका रविवारी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत असता आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दांपत्य दाराशी येऊन उभे राहिले. आईच्या कडेवर दोन वर्षांची कन्या होती आणि माझ्या स्टोलाच्या झालरीकडे तिचे हात झेपावत होते.

हे कुटुंब लालबागचे. आजोबा मूळचे वेंगुर्ल्याकडचे, गिरणीत साचे चालविणारे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने त्यांची नोकरी गेली ती कायमचीच. पुढे चाळ पाडून तिथे उंच इमारत उभी राहिली. आता मुलगा, सून, नात आणि आजोबा वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहतात. खिडकीखाली उड्डाणपूल आहे. गणपतीच्या दिवसांत तर रात्र आणि दिवस यांत भेद उरत नाही. दोघेही नोकरी करतात. बाळ जन्मल्यापासून सलग झोप कशी ती त्यांनी अनुभवलेली नाही.

“फादर,” सूनबाई म्हणाल्या, “चार दिवस कुठेतरी समुद्रावर जायचंय. तुम्ही वसईचे, तुम्हाला ठाऊक असेल. अगदी शांत किनारा सांगा. माणसांची वर्दळ नको. कुणीही नसलं तरी चालेल.”

“आणि बाबा?” मी विचारले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. “बाबा घरीच राहतील,” मुलगा म्हणाला. “त्यांना दादरची चौपाटी पुरे होते.”

त्याच्या बोलण्यात अनादर नव्हता, थकवा होता. मी मात्र ‘कुणीही नसलं तरी चालेल’ या चार शब्दांपाशीच थबकलो. “संध्याकाळी सांगतो” असे म्हणून मी त्यांना निरोप दिला आणि दिवसभर त्या शब्दांशी झुंजत राहिलो. वाचकहो, त्याचे कारण मी आजवर फारसे कुणाला सांगितलेले नाही.

1999 चा मे महिना. मी नवा धर्मगुरू होतो आणि सुटीत वसईला घरी गेलो होतो. बहिणीचा अडीच वर्षांचा मुलगा माझ्याजवळ सोपवून घरची मंडळी लग्नाच्या तयारीत गुंतली होती. दुपार कलल्यावर मी त्याला घेऊन किनाऱ्यावर गेलो. मला शांतता हवी होती, म्हणून मुद्दाम वस्तीपासून दूर, सुरूच्या बनापलीकडची जागा निवडली. ओहोटीने उघडी पडलेली वाळू दूरवर पसरली होती. थोड्या अंतरावर वाळूचा उंचवटा होता आणि त्यावर एक उथळ डबके साचले होते. बाळ त्या डबक्यात बसून चिखल थापू लागले. पाणी त्याच्या घोट्यापर्यंतही नव्हते. मी कोरड्या वाळूत बसलो आणि संध्याप्रार्थनेचे पुस्तक उघडले.

सपाट किनाऱ्यावर भरती कशी येते, हे समुद्राकाठी जन्मूनही मला तेव्हा उमगले नव्हते. पाणी सरळ समोरून भिंतीसारखे चालून येत नाही. ते आधी सखल चरांमध्ये शिरते, उंचवट्याला वळसा घालते आणि आपल्या व किनाऱ्याच्या मध्ये येऊन उभे राहते. उंचवट्यावर बसलेल्या माणसाला पुढे कोरडी वाळू दिसत असते. पाणी मागून आलेले असते. मी तीन स्तोत्रे म्हटली असतील. मान वर केली तेव्हा बाळ आणि मी यांच्यामध्ये पाण्याचा एक पट्टा चमकत होता आणि बाळ मला पाहून हसत हसत त्या पाण्यात उतरत होते.

मी धावलो. परंतु माझ्याआधी कुणीतरी पोहोचले होते. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांकडून एक वृद्ध कोळीण लुगड्याचा काष्टा सावरीत पाण्यात शिरली आणि तिने पोराला बखोटीला धरून उचलले. पाणी माझ्या गुडघ्याइतके होते. बाळाच्या ते छातीइतके झाले असते.

तिने मला ओळखले. रागावली नाही. बाळाला माझ्या हाती देऊन एवढेच म्हणाली, “फादर, बुक देवाचं खरं. पण पोर पण त्याचंच ना?” मग वाळूत बसून तिने मला भरती-ओहोटीचा हिशेब शिकविला, जो सेमिनरीच्या इतक्या वर्षांत मला कुणी शिकविला नव्हता. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. त्याच्या आगेमागे सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती आणि तीही उधाणाची. “आज अष्टमी,” ती म्हणाली, “भांगाची भरती. म्हणून पाणी थोडं. उधाणाचं पाणी असतं तर मी पण पोचले नसते.”

माझा भाचा आज कर्ता पुरुष आहे. त्याला यातले काही आठवत नाही. मला मात्र किनारा निर्जन आहे असे कुणी कौतुकाने सांगितले की ते बोंबील आणि ते लुगडे आठवते. त्या दिवशी किनारा मला हवा होता तितका निर्जन असता, तर?

संध्याकाळी ते दांपत्य पुन्हा आले. मी त्यांना जे सांगितले, ते इथे लिहितो. आपल्या गिरगाव-दादर-परळच्या अनेक घरांत हाच प्रश्न दरवर्षी पडतो.

लहान मुलाकरिता किनारा निवडताना वाळूच्या शुभ्रतेला भुलू नये. त्यांनी मनाशी काशीद धरले होते. वाळू सुंदर आहे खरी, परंतु तेथील लाटांना जोर आहे. त्याच तालुक्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीस आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती तर धडधाकट तरुण मुले होती. दोन वर्षांच्या जिवाला उथळ, सावकाश उतरत जाणारा तळ हवा, सुरूची सावली हवी, हाकेच्या अंतरावर वस्ती हवी आणि तापाला औषध देणारा डॉक्टर जवळ हवा. अलिबागकडील किहीम, आक्षी यांचे तळ सपाट आहेत. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या वाहून नेणारी मोठी बोट सुटते आणि लालबागहून धक्का काही लांब नाही. मात्र शनिवार-रविवारी तिकडे मुंबईच लोटते. वाळूवरून घोडागाड्या आणि मोटारी धावतात, पाण्यात यंत्रांची घरघर चालते. जायचे तर सोमवारी जावे. मध्ये रविवार आलाच तर रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे. पोर्तुगीज मिसळलेली आपली जुनी बोली जपणारे तिथले ख्रिस्ती बांधव भेटतील.

अधिक निवांत हवे तर उत्तरेला बोर्डी. उपनगरी गाड्या 2013 पासून डहाणूपर्यंत जातात; दादरहून निघून विरारला गाडी बदलावी, डहाणूहून पुढे रिक्षा. चिकूच्या वाड्या, सुरूची बने आणि ओहोटीला फार दूर जाणारा समुद्र. परंतु जितका तळ सपाट, तितके पाणी लवकर परतते, हे विसरू नये. कोळिणीचा हिशेब ढोबळ आहे, गावागणिक थोडा पुढेमागे होतो. म्हणून गेल्याबरोबर तिथल्या एखाद्या मच्छीमाराला भरतीची वेळ विचारावी.

“आणि एक,” मी म्हणालो, “बाबांना घेऊन जा.”

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग सूनबाई हळूच म्हणाल्या, “फादर, आम्हाला थोडं एकटं हवं होतं.”

ही मागणी अयोग्य नव्हती. प्रभू येशूनेही आपल्या थकलेल्या शिष्यांना एकांतात येऊन विसावा घेण्यास सांगितले होते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ती हकीकत आहे. ते मचव्यात बसून निवांत स्थळी निघाले आणि पाहतात तो लोक पायीच पुढे धावत जाऊन त्यांची वाट पाहत उभे! प्रभूने कपाळाला आठी घातली नाही. त्याला त्यांचा कळवळा आला. मी या उताऱ्यावर कितीदा तरी प्रवचन केले असेल, परंतु लहान मूल घेऊन सुटीवर निघालेल्या आईबापांचा विचार कधी केला नव्हता. तेही निवांत स्थळी पोहोचतात आणि तिथे त्यांच्याआधी गर्दी हजर असते. ती गर्दी कडेवरच बसून आलेली असते. तिला भूक लागते, झोप येत नाही, लाटेची भीती वाटते. तिच्यापासून पळता येत नाही. तिचा भार वाटून घेणारे कुणी असेल तरच विसावा मिळतो. बारा शिष्य होते म्हणून तर त्या दिवशी भाकरी वाटल्या गेल्या.

मी त्यांना माझ्या भाच्याची गोष्ट सांगितली. लाज वाटली, तरी सांगितली. ते दोघे काही न बोलता निघून गेले.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर आजोबा एकटेच सॅक्रिस्टीत आले. हातात चिकूची पिशवी होती. ते सारे बोर्डीला जाऊन आले होते. गिरणीत असताना आणि नंतरही, मे महिन्यात वेंगुर्ल्याला जाणे यापलीकडे सुटी म्हणून ते कुठे गेले नव्हते. नातीने पहिले दोन दिवस पाण्याला पायही लावला नाही. लाट पाहिली की रडे. मग तिने एक लहानसा खेकडा पाहिला आणि पुढचे दोन दिवस तिला दुसरे काही सुचले नाही. मुलगा आणि सून रोज दुपारी झोपत असत.

“इतकी झोपली दोघं, फादर,” आजोबा म्हणाले, “की मला वाटलं आजारी पडली की काय.”

“आणि तुम्ही? समुद्र कसा वाटला बोर्डीचा?”

आजोबा क्षणभर गोंधळले. “समुद्र?” ते म्हणाले. “समुद्र कुठं बघितला, फादर? मी पोरीकडंच बघत होतो.”

मग त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि पिकलेले चिकू कोणते, कच्चे कोणते, हे मला निवडून दाखवू लागले.