ओळंबा

शाळेत इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असायचा. त्यात 'भाजी मंडई' हा विषय आला की मला हायसं वाटायचं. भाजीवाल्या बसलेल्या असतात आणि पुढ्यात पाट्या असतात, त्यामुळे पाय काढायला लागत नाहीत. गिऱ्हाईक बायकांना नऊवारी नेसवायची आणि पुरुषांचे हात पाठीमागे बांधून टाकायचे, नाहीतर सदऱ्याच्या खिशात घालायचे. माझ्या मंडईत एकालाही बोटं नव्हती, घोटे नव्हते. तरी 'बी' ग्रेड मिळाली.

पन्नाशी उलटल्यावर रविवारच्या चित्रवर्गात नाव घातलं आणि ही लबाडी पहिल्याच तासाला उघडी पडली. सर माझ्या मुलाच्या वयाचे. मी काढलेल्या उभ्या बाईकडे बराच वेळ बघून म्हणाले, "काकू, साडी छान आलीय. आत कुणी आहे का?"

आत कोण आहे ते शोधण्यात पुढचं दीड वर्ष गेलं.

मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं असतात हे शाळेत घोकलेलं होतं. चित्राला ती सगळी लागत नाहीत. कातडीच्या अगदी खाली येऊन जी आपला पत्ता सांगतात, ती आधी ओळखायची: मानेमागचा वर आलेला मणका, गळ्याखालची दोन आडवी हाडं, कोपराचं टोक, कमरेची पुढची दोन टोकं, गुडघ्याची वाटी, नडगी. माणूस जाड होवो की रोड, ही ठिकाणं फारशी हलत नाहीत. त्यातली नडगी पलंगाच्या कोपऱ्याने आपल्याला आधीच शिकवून ठेवलेली असते.

घोट्यांनी मात्र माझी फजिती केली. मी दोन्ही एका उंचीवर काढायची. सर म्हणाले, घरी जाऊन स्वतःचे बघा. बघितले, तर आतला घोटा वर आणि बाहेरचा खाली. पोटरीचं नेमकं उलट: बाहेरचा फुगवटा वर, आतला खाली. पायाला जो डौल असतो तो या दोन उलट उतारांमधून येतो. पन्नास वर्षं मी रोज हे पाय धूत होते.

मग हात. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं. तीर्थ घ्यायला तळवा उताणा केला की ती शेजारीशेजारी असतात. तोच हात पोळी लाटायला पालथा केला की अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून तिरपं जातं. करंगळीकडचं कोपराच्या बिजागरीत बसून असतं, अंगठ्याकडचं त्याच्याभोवती फिरतं. मी लाटणं हातात धरून उताणं-पालथं करत राहिले आणि तव्यावरची पोळी करपली.

खांदा शिकले लोकलमध्ये. संपूर्ण हात धडाला हाडाने जोडलेला असतो तो फक्त एका जागी, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या छातीकडच्या टोकाला. मागचं पातं स्नायूंमध्ये नुसतं तरंगत असतं. वरची कडी पकडायला कुणी हात उंच केला की ते पातं फिरतं. हात पूर्ण वर नेताना साधारण 120 अंश खांद्याचा सांधा देतो आणि उरलेले 60 अंश हे पातं. उन्हाळ्यात घामाने पाठीला शर्ट चिकटलेला असला की हे सगळं दिसतं. अर्थात लोकांच्या पाठींकडे असं टक लावून बघणं शोभत नाही. वहीत डोकं घालून बघायची सवय लावून घ्यावी लागते.

एवढं कळल्यावर माझी चित्रं सुधारायला हवी होती. ती बिघडली. शिकलेला प्रत्येक स्नायू कागदावर आलाच पाहिजे, असा हट्ट सुरू झाला. नुसत्या बसलेल्या म्हाताऱ्यालाही मी पैलवान करून ठेवी. लिओनार्दोने स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे तीसहून जास्त प्रेतं उघडून पाहिली होती, आणि त्यानेच चित्रकारांना बजावलंय की अंगाची अक्रोड भरलेली गोणी करू नका. वेसालियसच्या 1543 मधल्या शरीररचनेवरच्या ग्रंथात तर सोललेली माणसं डोंगर-झाडांच्या पार्श्वभूमीवर उभी आहेत. त्यातला फावड्यावर रेललेला सांगाडा मला फार आवडतो. मांस उरलेलं नाही, पण तो दमलाय हे कळतं. माझ्या पैलवानांमध्ये तेवढंच नव्हतं. त्यांना वजन नव्हतं.

आपल्याकडच्या जुन्या कलावंतांना शरीरशास्त्र ठाऊक नव्हतं, असं अजूनही कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा. दंडावर एक बेडकी नाही, पोटावर एक रेघ नाही, पण मान, छाती, कंबर तीन ठिकाणी अशी वळलीय की तो भार कसा पेलतोय ते आपल्या कमरेला कळतं. त्यांना सोललेला माणूस दाखवायचा नव्हता, इतकंच.

आणि शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी'. 1857 मध्ये सुरू झालेल्या जे.जे. स्कूलमध्ये विद्यार्थी असताना, 1896 च्या सुमारास, त्यांनी ही देवळाकडे निघालेली तरुणी घडवली. तिथे नग्न मॉडेलवरून अभ्यास करायचा वर्ग आला तो पुढे प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1920 च्या आसपास. म्हणजे त्या पोराने हे शरीर चुण्यांमधून वाचलं असणार. त्या चुण्या गुडघ्यावर ताणल्यात, मांडीवरून सुटल्यात, आणि कुठला पाय भार घेतोय ते त्याच सांगतात. मी आयुष्यभर नऊवारी झाकायला वापरली. त्या पोराने ती उघड करायला वापरली. तिचा फोटो बरेच दिवस मी फळ्याशी टाचून ठेवला होता. नंतर लाज वाटून काढला.

शेवटी सरांनी एक दिवस किल्लीला दोरा बांधून हातात दिला. गवंड्याचा ओळंबाच तो. "स्नायू विसरा काकू. भार कुठं पडतोय ते बघा." समोर आमच्या मॉडेल ताई साडीत उभ्या होत्या, डाव्या पायावर. मी एक डोळा मिटून दोरा धरला. त्यांच्या गळ्याच्या खळग्यातून सोडलेला दोरा सरळ डाव्या पायाच्या आतल्या घोट्याशी उतरला. त्या बाजूची कंबर वर गेली होती आणि खांदा तिला भेटायला खाली आला होता. कडेवर मूल घेतलेली प्रत्येक बाई अशीच उभी असते. विठ्ठल दोन्ही पायांवर सारखा उभा राहतो, ते त्यालाच जमतं. आपण एका पायाला राबवतो आणि दुसऱ्याला विसावा देतो.

त्या दिवशी मी आधी पाय काढले. मग कंबरेची तिरपी रेघ, मग खांद्यांची उलटी तिरपी. साडी सगळ्यात शेवटी.

वीस मिनिटं झाली. ताई खाली बसल्या, पाय चोळला, चहा घेतला आणि कप हातात धरूनच चित्रं बघायला आल्या. बाकीच्यांची चित्रं झरझर बघून माझ्यापाशी थांबल्या.

"डावा पाय बरोबर काढलात ताई," त्या म्हणाल्या. "तोच दुखतोय अजून. हात मात्र माझे नाहीत हे."