सिकलसेल, नवस आणि आमची सोयरीक

आमच्या घरात सिकलसेल तीन पिढ्यांचा. आजीचे दोन भाऊ लहानपणीच गेले. 'बाहेरचं लागलं' म्हणत. 1956 ला नागपुरात दीक्षा घेतलेल्या याच घरात पुढे बहिणीसाठी नवस बोलले गेले, गंडा बांधला गेला. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा होत्याच. पण आजीला दोष कसा द्यावा? दवाखान्यातही कोणी आजाराचे नाव सांगत नव्हते.

राग येतो तो 'हा तुमच्या जातीचाच रोग' म्हणणाऱ्यांचा. हे जनुक टिकले मलेरियामुळे. त्याची एकच प्रत असलेला वाहक मलेरियाने दगावण्याची शक्यता कमी असते. विदर्भातल्या गोंडांतही ते आहे. जातीने रोग जन्माला घातला नाही, मात्र जातीतल्या जातीत सोयरिकी झाल्या की वाहकाला वाहक भेटतो. मग दर गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के. जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म, हे बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात मांडले. त्यावर टाळ्या वाजवणारे आपलेच लोक घरी पोटजात पाहतात!

धाकट्याचे जमवताना आम्ही पत्रिका नाही, रक्ततपासणीचा कागद मागितला. आधी आपला ठेवला. एक स्थळ उठून गेले. दुसऱ्या ठिकाणी मुलीनेच आमच्याआधी विचारले, "रिपोर्ट आणलाय ना?"