टायटॅनियमची फाइल

चाळिशीत माणसाला चष्मा लागतो. मला चष्मा आणि गाडी दोन्ही एकदम लागले. गाडी लागणं म्हणजे माळशेज घाटात लिंबू हुंगत बसायचं, ते नव्हे; त्यात मी लहानपणीच पारंगत झालो होतो. ही लागण निराळी. गेल्या वर्षी मी एक वापरलेली बलेनो आरएस घेतली. २०१७ साली बाजारात आलेली आणि २०२० साली बंद झालेली ही गाडी म्हणजे साध्या बलेनोची तापट धाकटी बहीण. थोरलीचं इंजिन १२०० सीसीचं आणि ताकद ८३ अश्वशक्तीची. धाकटीचं इंजिन ९९८ सीसीचं, पण घोडे १०१. शिल्लक कमी आणि उलाढाल जास्त, असं खातं पाहिलं की बँकेत आम्ही लगेच चौकशी लावतो. इथे मात्र मी भाळलो.

या चमत्काराचं नाव टर्बो. तो मला आमच्या चिरंजीवांनी समजावला. चिरंजीव मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेत. गेली तीन वर्षं आमचा संवाद ‘जेवलास?’, ‘हो’, ‘पैसे आहेत?’, ‘नाहीत’ या चार ओळींत आटोपत असे. गाडी आली आणि पाचवी ओळ सुरू झाली. ती अशी : “बाबा, आपण टायटॅनियमचा इनटेक पाइप बसवू या.”

इनटेक पाइप म्हणजे गाडीची श्वासनलिका. फिल्टरमधून आलेली हवा ती टर्बोकडे नेते. कंपनीने ती काळ्या प्लॅस्टिकची दिली होती आणि गाडीची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. पण इतक्या वर्षांनी मुलगा आपण होऊन काही बोलत असताना ‘कशाला हवा?’ असं विचारणारा बाप मला व्हायचं नव्हतं. मी बँकेतला माणूस. ‘नाही’ म्हणायची आमची पद्धत वेगळी. मी म्हटलं, “तीन कोटेशनं आण.”

दुसऱ्या शनिवारी आम्ही ठाण्याला निघालो. गाडी वेगवान करायला आम्ही लोकलने गेलो, कारण वेळेत पोचायचं होतं. कल्याण-शीळ रस्त्याने गेलो असतो तर टायटॅनियमलाही गंज चढला असता. आता दुसरा शनिवार बँकेला सुट्टीचा. पण डोंबिवलीतल्या बाकीच्या लोकांना ती नसते, हे मी विसरलो होतो. दाराशी मी, माझ्या छातीवर कुणाची तरी सॅक, पाठीवर कुणाचा तरी डबा आणि कानाशी चिरंजीव : “आता बघा. इंजिनच्या धुराने एक चाक फिरतं, मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा आत कोंबतं. तेवढ्याच जागेत जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जळतं, जास्त ताकद.”

“म्हणजे डोंबिवली फास्ट,” मी म्हटलं.

“बरोबर. आणि दाबली की हवा तापते.”

तेही मला शिकवावं लागलं नाही. माझ्यामागचा गृहस्थ कोपर येईपर्यंत तापून तिसऱ्याशी भांडू लागला होता. “म्हणून पुढे इंटरकूलर असतो,” चिरंजीव म्हणाले. “हवा थंड झाली की आणखी मावते.” गाडी मुंब्र्याच्या खाडीवर आली, दारातून वारा आत शिरला आणि भांडणारे दोघेही सरकून उभे राहिले. कॉमर्सच्या पदवीधराला यांत्रिकी शिकवायला रेल्वेइतकी चांगली प्रयोगशाळा नाही.

ठाण्याच्या दुकानात काचेच्या कपाटात तो पाइप ठेवला होता. खरं सांगतो, मी हरलो. निळा, जांभळा, मध्येच सोनेरी. मोराच्या मानेवरून ऊन सरकावं तसा. वाकडा आकार येण्यासाठी नळीचे तिरपे काप करून ते जोडले होते आणि जोडावर वेल्डिंगची रेघ अशी, की दिवाळीत आईने घातलेली करंजीची मुरड आठवावी. दुकानदाराने सांगितलं, की तापलेलं टायटॅनियम हवेतला प्राणवायू शोषून ठिसूळ होतं, म्हणून वेल्डिंग करताना आतून-बाहेरून आर्गॉन वायू सोडावा लागतो. पाहुण्याला ऊन लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी छत्री धरावी, तसं. मग त्याने किंमत सांगितली. चौतीस हजार. ती ऐकताना माझ्यावर मात्र कुणी छत्री धरली नाही.

रात्री घरी तौलनिक तक्ता मांडला. सिलिकॉनची नळी सहा हजार, ॲल्युमिनियम साडेनऊ, टायटॅनियम चौतीस. जेवणाच्या टेबलावर कागद पाहून हिने विचारलं, “हे टायटॅनियम म्हणजे काय?” चिरंजीवांनी सांगितलं, की ते इल्मेनाइट नावाच्या काळ्या वाळूतून निघतं आणि ती आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. हिचं माहेर मालगुंड. “म्हणजे आमच्या समुद्रावरची काळी वाळू? लहानपणी ओंजळी भरभरून उडवली मी. त्याचे चौतीस हजार?” माझ्या सासऱ्यांनी लग्नात काय काय दिलं नाही, याचा मला त्या दिवशी नव्याने उलगडा झाला. त्यात चिरंजीवांनी भर घातली, की भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि पुष्कळ टूथपेस्टींतही टायटॅनियमचं भस्म असतं. गेली चाळीस वर्षं मी रोज सकाळी दातांना टायटॅनियम लावत असेन, तर एव्हाना माझा वेग का वाढला नाही, असं हिने विचारलं. तिला उत्तर देणं कुणालाच जमलं नाही.

महिनाभर फाइल चालली. मी शेरे मारायचे, त्यांनी खुलासे करायचे. ‘आरटीओची परवानगी?’ असा शेरा मारला, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल समोर आला : नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत मालकाने परस्पर फेरफार करायचे नाहीत. ‘विम्याचं काय?’ त्यावर दोन पानं. रात्री अकराला दार वाजायचं, “बाबा, जागे आहात?” मी जागाच असे. शेरे संपत आले, तसा मी जुन्याच शेऱ्यांवर उपशेरे मारू लागलो.

शेवटी मी एक साधा प्रश्न लिहिला : ‘नेमका फायदा किती?’ तिथे मुलगा अडला आणि खरोखरच हिशेबाला बसला. टायटॅनियम पोलादाहून पुष्कळ हलकं, हे खरं. पण काढून टाकायचं होतं ते पोलाद नव्हे, प्लॅस्टिक. टायटॅनियमची घनता साडेचार, प्लॅस्टिकची जेमतेम एक. पत्रा एक मिलिमीटरचा आणि प्लॅस्टिक तीनचं धरलं, तरी नवा पाइप दीडपट जड. उष्णता तो ॲल्युमिनियमच्या सुमारे दहापट सावकाश आत येऊ देतो. पण प्लॅस्टिक त्याहूनही कितीतरी सावकाश. आणि तो मोरपिशी रंग? तो धातूवरच्या ऑक्साइडच्या पातळ थराचा. तो चढायला काहीशे अंश उष्णता लागते; तेवढी इनटेकमध्ये कधीच नसते. म्हणजे रंग इंजिनाने दिलेला नव्हे, दुकानात चढवलेला. नवरीची मेंदी म्हणायची.

“टायटॅनियम शोभतं एक्झॉस्टला,” चिरंजीव खिन्नपणे म्हणाले. “तिथे प्लॅस्टिक वितळेल आणि पोलाद जड पडतं.” पण एक्झॉस्टचा आवाज वाढला, की नाक्यावर ट्रॅफिक हवालदार शिट्टी मारतो. जिथे टायटॅनियमचा उपयोग आहे तिथे हवालदार उभा, आणि जिथे हवालदार पाहत नाही तिथे उपयोग नाही. शिवाय कल्याण-शीळ रस्त्यावर आमचा टर्बो मुळी जागाच होत नाही. काटई नाक्यापर्यंत तो बिचारा घोरत असतो. चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने शेवटच्या पानावर ‘नामंजूर’ लिहिलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी सोसायटीच्या आवारात गाडीचं तोंड उघडलं आणि जुना एअर फिल्टर काढला. कागदाच्या घड्यांत अख्खा शीळ रस्ता येऊन बसला होता. नवा फिल्टर चारशेला मिळाला. तो बसवताना मान वर न करता चिरंजीव म्हणाले, “बाबा, नोकरीचं पत्र आलं. चाकण. एक जुलैला जॉइन व्हायचंय.”

मी क्लिप लावत होतो. ती दोनदा निसटली.

“चाकणला गाड्यांचेच कारखाने,” मी म्हटलं. “एखादा चांगला वेल्डर असेलच तिथे. एक कोटेशन घेऊन ठेव. फोनवर नको. शनिवारी येशील तेव्हा घेऊन ये.”

“कशाला? फाइल मीच रिजेक्ट केलीय ना?”

“रिजेक्ट तू केलीस,” मी म्हटलं. “बंद करायचा अधिकार माझ्याकडे आहे.”