उधळलेली ऊब

जुन्या फोक्सवॅगन बसमध्ये हीटर नावाची वस्तूच नाही. डॅशबोर्डवर दांड्या आहेत, पायांशी झरोके आहेत, पुढच्या काचेखाली फटी आहेत. पण ऊब तयार करणारं यंत्र शोधायला गेलात तर सापडणार नाही. गाडीच्या अगदी मागे, झोपायच्या गादीखाली, चार सिलिंडरांचं इंजिन आडवं पसरलेलं असतं. पेट्रोलमधल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा ते चाकांना देतं आणि उरलेली बहुतेक उष्णता म्हणून उधळून टाकतं. त्या उधळपट्टीतली थोडी गोळा करायची आणि गाडीच्या पोटाखालून पुढे बसलेल्यांच्या पायांपर्यंत न्यायची, एवढीच योजना.

आमची बस 1970च्या दशकातली, आम्ही राहतो त्या हॅनोव्हरमध्येच बनलेली. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्यानं 1947 साली वहीत एका चौकोनी गाडीचं चित्र काढलं, 1950 मध्ये वोल्फ्सबुर्गला तिचं उत्पादन सुरू झालं आणि 1956 मध्ये ते हॅनोव्हरला आलं. इथले लोक तिला लाडानं ‘बुल्ली’ म्हणतात. नवऱ्याला ती आवडली उघडणाऱ्या छपरासाठी, घडीच्या पलंगासाठी. मला तिच्या पोटाखाली शिरायला आवडतं. जळगावच्या मुलीनं थंडीत गाडीखाली आडवं होऊन गरम हवेची वाट शोधावी, हे आईला अजून पटलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर माझे काळे हात बघून ती म्हणाली, “अगं, गरम हवेसाठी एवढा खटाटोप? मे महिन्यात इकडे ये, फुकट मिळेल.”

मुळात या इंजिनात पाणी नाही ते थंडीमुळेच. फोक्सवॅगनचा आराखडा झाला तेव्हा सामान्य माणसाची गाडी रात्रभर उघड्यावरच उभी राहणार होती. रेडिएटरमधलं पाणी गोठलं तर इंजिन फुटण्याची भीती. हवा गोठत नाही आणि उकळतही नाही. म्हणून इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा एक मोठा पंखा बसवला आणि सिलिंडरांच्या पात्यांवर वारा सोडला. इंजिन वाचलं, पण माणसं गारठली. ज्या गाड्यांत पाणी असतं त्यांत तेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि सुखानं ऊब देतं. इथे तो सोपा मार्ग मुळातच बंद. यंत्राला थंडीपासून वाचवताना माणसाचा विचार दुसऱ्या नंबरावर गेला, असं माझं मत आहे. बुल्लीप्रेमींना ते आवडत नाही.

मग उपाय काय केला? इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांभोवती, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, पत्र्याचे डबे बसवले. त्यांना हीट एक्स्चेंजर म्हणतात. आत मधोमध धुराचा पाइप, त्याला अॅल्युमिनियमची पाती, वरून पत्र्याचं आवरण. पंख्याची थोडी हवा नळ्यांतून या डब्यांत येते, तापलेल्या पात्यांना घासून गरम होते, झडपांतून पुढे सरकते आणि गाडीच्या लांबीभर धावणाऱ्या नळीतून ड्रायव्हरकडे निघते. धूर आणि हवा एकाच डब्यातून जातात, पण एकमेकांना शिवता कामा नये. या सोवळ्यावर सगळ्यांचा जीव अवलंबून आहे.

आमच्या डाव्या डब्याचं सोवळं मोडलेलं होतं. वरून पत्रा काळ्या रंगानं चकचकीत केलेला, खाली कुणीतरी भोकावर लांबी भरलेली. सांध्याजवळ काजळीचा ओघळ दिसला तेव्हाच मला कळलं की नुसता पत्रा नाही, आतला पाइपही गंजलाय. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून घट्ट धरतो. आपल्याकडे हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशी बातमी येते. तिच्यातला वायू हाच. त्यामुळे डबा दुरुस्त करण्याचा विचारही केला नाही. नवाच आणायचा. त्यातही मेख आहे: बाजारातल्या काही स्वस्त डब्यांत पाती नावालाच असतात. हवा त्यातून फिरून येते, तापत मात्र नाही. म्हणून वजन करून घ्यावं, हे शेजारच्या निवृत्त मेकॅनिक आजोबांचं सांगणं. त्यांनी दोन डबे दोन हातांत तोलले आणि न बोलता जड डबा माझ्याकडे सरकवला.

खरी कसोटी जुना डबा काढण्यात असते. सिलिंडर हेडमधून बाहेर आलेल्या बोल्टांवर त्याचे नट बसतात, आणि इतक्या वर्षांच्या आगीनं व मिठानं दोघे एकजीव झालेले असतात. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. गाड्यांची हाडं तेच खातं. जोर लावला तर बोल्ट हेडमध्येच तुटतो आणि मग इंजिन उतरवण्याची वेळ येते. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडायचं, सकाळी पुन्हा सोडायचं, नट गॅसच्या ज्योतीनं तापवायचा, पाना किंचित सैल दिशेला, मग किंचित घट्ट दिशेला, मग पुन्हा सैल. या कामात ताकदवान माणूस नको, चिवट माणूस हवा. आजोबा शेजारी स्टुलावर बसून होते. मी पान्यावर जास्त भार टाकला की ते नुसते खाकरायचे.

डबे बसल्यावर केबल. दांडीपासून मागच्या झडपेपर्यंत ती गाडीखालच्या बारीक नळीतून जाते आणि आतल्या आत गंजून धरते. झडप अर्धवट अडकली की काही बिघडलंय असं वाटतही नाही, फक्त पाय गार राहतात. मधल्या नळीचे सांधे सुटलेले होते; आमची ऊब इतके दिवस रस्त्यावर सांडत होती. नव्या लवचीक नळ्या घातल्या, क्लॅम्प आवळले, नळीवरचं फाटलेलं आवरण बदललं.

हे करताना मला एसटी आठवली. जुन्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं बॉनेट असायचं. उन्हाळ्यात त्याच्या जवळ कुणी बसायचं नाही. पौषातल्या पहाटेच्या गाडीत मात्र त्यावर पाय टेकवायला मिळावेत म्हणून माणसं पुढे सरकायची. तिथे इंजिन पुढे होतं, मधे नळी नव्हती, झडप नव्हती.

आता आमच्या बसमध्ये गरम हवा येते. किती येते हे रस्ता ठरवतो. चढावर इंजिन कष्टात असतं तेव्हा पाय छान शेकतात. उतारावर हवा कोमट होते. सिग्नलला थांबलो की पंखा मंदावतो आणि काचेवर पुन्हा धुकं धरतं, मग फडका हातात घ्यावा लागतो. आणि कॅम्पर म्हणून जिचा गौरव होतो, तिच्यात रात्री मुक्कामाला इंजिन बंद केलं की ऊबही बंद. त्यासाठी काही बसमध्ये पेट्रोलवर जळणारी वेगळी शेगडी बसवलेली असते. आमच्याकडे दोन जाड रजया आहेत.

अशी गाडी घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर पडदे, गाद्या आणि छपराचं कॅनव्हास यांवर पैसे घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा, दोन्ही एक्स्चेंजर टॉर्च घेऊन नीट बघा, आणि पुढच्या सीटजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तो स्वस्त मिळतो. त्याची बॅटरी मात्र दर हिवाळ्यात तपासायला विसरू नका.